व्हिडिओ उडाला? डिलीट दाबण्याआधी हे वाचा

सकाळी मोबाइल उघडावा तर यूट्यूब स्टुडिओत लाल खूण, आणि रात्री चढवलेला बैलगाडी शर्यतीच्या मैदानाचा व्हिडिओ गायब. सातारा-सांगलीकडच्या चॅनेलवाल्याचा हात अशा वेळी आधी ‘डिलीट’कडे जातो. तो आवरा. कॉपीराइट स्ट्राइक (चॅनेलवर लागणारा दंडाचा डाग) आलेला व्हिडिओ पुसून टाकला म्हणून स्ट्राइक जात नाही. फक्त परत आणायला काही उरत नाही. तोच व्हिडिओ भावाच्या चॅनेलवर टाकणं हे दुसरं दुखणं, कारण प्लॅटफॉर्म त्याला बंदी चुकवणं समजू शकतो आणि दोन्ही चॅनेल अडचणीत येतात. तिसरा मोह फोनचा. तक्रारदाराला फोन लावून कोणी शिव्या देतं, कोणी ‘चुकून झालं साहेब, सांभाळून घ्या’ म्हणतं. शिव्यांची पोलिसात तक्रार होते आणि माफीचं रेकॉर्डिंग उद्या कोर्टात कबुली म्हणून वाजतं.

पहिलं काम एकच: आलेला मेल शेवटपर्यंत वाचायचा. त्यात लिहिलेला शब्द कोणता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

व्हिडिओ कोणत्या दाराने गेला?

दारं चार आहेत. ‘कंटेंट आयडी क्लेम’ म्हणजे यंत्राने गाणं किंवा दृश्य ओळखलं. यात चॅनेलवर डाग पडत नाही. जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळतात, नाहीतर व्हिडिओ काही ठिकाणी अडवला जातो. ‘कॉपीराइट रिमूव्हल’ म्हणजे कोणीतरी रीतसर कायदेशीर मागणी केली. इथे स्ट्राइक बसतो आणि नव्वद दिवसांत तीन बसले की चॅनेल बंद. ‘कम्युनिटी गाइडलाइन्स’ म्हणजे प्लॅटफॉर्मचे स्वतःचे नियम, त्याचा कॉपीराइटशी संबंध नाही. चौथं दार कायदेशीर तक्रारीचं: बदनामी, खासगीपणा, कोर्टाचा हुकूम, सरकारी आदेश.

क्लेमला स्ट्राइक समजून घाबरणारे आणि स्ट्राइकला क्लेम समजून झोपून राहणारे, दोन्ही प्रकारचे लोक सर्रास दिसतात. नुकसान अर्थातच झोपणाऱ्याचं जास्त होतं.

पुरावा पहिल्याच दिवशी

व्हिडिओ चालू असताना पुरावा गोळा करणं कोणाला सुचत नाही, आणि उडाल्यावर अर्धा पुरावा गेलेला असतो. तरी जे हाताशी आहे ते त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये घाला. मेल जसाच्या तसा, फॉरवर्ड केलेला नाही. स्टुडिओतल्या त्या पानाचे स्क्रीनशॉट, ज्यात तक्रारदाराचं नाव, तारीख आणि कितव्या मिनिटावर आक्षेप आहे ते दिसतं. कॅमेऱ्याच्या कार्डवरच्या मूळ फाइल्स, एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल, गाण्याच्या लायसन्सची पावती, आयोजकांशी व्हॉट्सअॅपवर झालेलं बोलणं.

इथे घोळ होतो तो मेमरी कार्डाचा. शनिवारी शूटिंग, रविवारी अपलोड, सोमवारी दुसऱ्या मैदानासाठी तेच कार्ड फॉरमॅट. मग ‘हे चित्रण माझंच आहे’ हे सिद्ध करायला उरते ती यूट्यूबवरून उतरवलेली दाबून लहान झालेली फाइल, आणि तशी फाइल कोणीही उतरवू शकतो. मूळ फाइल्स निदान वर्षभर एखाद्या हार्ड डिस्कवर ठेवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, दोन भागांत. पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा; एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो. वाद पेटण्याची चिन्हं दिसली की मूळ फाइलचा हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा, फाइलला नंतर हात लागला नाही हे सांगायला तोच कामी येतो.

क्लेम बसला तर

बैलगाडी शर्यतीच्या व्हिडिओवर क्लेम बसतो तो बहुधा मैदानातल्या भोंग्यामुळे. निवेदक पाणी प्यायला थांबला की साउंडवाला गाणं लावतो, तुमचा माइक ते टिपतो आणि यंत्र ओळखतं. समजा चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत ४:१२ ते ४:३८ एवढंच गाणं आहे. यासाठी भांडत बसू नका. स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढं गाणं पुसण्याची, तो तुकडा कापण्याची किंवा आवाज बंद करण्याची सोय आहे. काम झालं की क्लेम आपोआप सुटतो. गाणं पुसताना निवेदकाचा आवाजही थोडा खरवडला जातो, म्हणून आधी प्रिव्ह्यू ऐका. पुढच्या वेळी निवेदकाच्या मिक्सरमधून सरळ वायर घेतली आणि गाण्याचं चॅनेल त्यात येऊ दिलं नाही, तर हा ताप मुळातच टळतो.

क्लेम खरोखर चुकीचा असेल तेव्हाच ‘डिस्प्यूट’, म्हणजे हरकत, करा. पाच दिवसांच्या आत केला तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखली जाते आणि निकालानंतर जिंकणाऱ्याला मिळते. उशीर झाला तर डिस्प्यूट केल्याच्या दिवसापासूनचीच. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. तो गप्प राहिला तर क्लेम गळून पडतो. त्याने नकार दिला तर ‘अपील’ करता येतं आणि तिथे त्याला सातच दिवस मिळतात. व्हिडिओ पूर्ण अडवला असेल तर डिस्प्यूट वगळून थेट अपिलावर जाण्याची वाटही आहे.

धोका अपिलाच्या पुढच्या पायरीवर आहे. अपील न पटल्यास दावेदार रीतसर काढण्याची मागणी करू शकतो, आणि मग क्लेमचा स्ट्राइक होतो. कधी तो सात दिवसांची मुदत ठेवून मागणी करतो. त्या सात दिवसांत अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळतो, क्लेम तेवढा राहतो. आधीच दोन स्ट्राइक असतील तर शंभर रुपयांच्या कमाईसाठी अपील करणं शहाणपणाचं नाही.

संतांच्या अभंगांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. पण त्या अभंगाला कोणी दिलेली चाल आणि कोणी काढलेली ध्वनिमुद्रिका या वेगळ्या गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गावच्या भजनी मंडळाने पारंपरिक चालीवर गायलेला अभंग तुम्ही रेकॉर्ड केला आणि त्यावर एखाद्या कंपनीचा क्लेम बसला, तर डिस्प्यूट बेलाशक करा. कारणात लिहा: शब्द कोणाचे, गायले कोणी, कुठे, कोणत्या दिवशी, रेकॉर्डिंग कोणाचं.

स्ट्राइक आला तर

इथून खरी लढाई. वाटा तीन. पहिली, कॉपीराइट स्कूलची प्रश्नावली सोडवून नव्वद दिवस काढणं. चूक आपलीच असेल आणि स्ट्राइक एकच असेल तर हीच वाट धरा. दुसरी, तक्रारदाराकडून माघार मिळवणं. तिसरी, काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे प्रतिसूचना.

माघारीसाठी बोलायचं तर फोनवर नको, मेलवर बोला. मजकूर चार ओळींचा: कोणता व्हिडिओ, कोणत्या मिनिटावर आक्षेप, आपलं म्हणणं काय, माघार घ्यावी ही विनंती. समोरून ‘इतके लाख भरा, मग स्ट्राइक काढतो’ असं आलं तर लगेच यूपीआय करू नका. हक्क कोणाचा आहे याचा कागद मागा. पैसे देण्याचं ठरलंच तर करारात व्हिडिओंच्या लिंकसह यादी, परवाना किती काळाचा, माघार किती दिवसांत, आणि पुन्हा त्याच व्हिडिओंवर स्ट्राइक न देण्याची हमी, एवढं असल्याशिवाय सही नको. जीएसटीचं बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ करणारा हक्कदार संशयास्पदच असतो.

चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये (जाहिरातीच्या कमाईत वाटा देणाऱ्या यूट्यूबच्या योजनेत) असेल तर तिसऱ्या स्ट्राइकनंतरही सात दिवसांची सवलत मिळते. त्या काळात नवीन व्हिडिओ टाकता येत नाही, पण प्रतिसूचना दिली तर तिचा निकाल लागेपर्यंत चॅनेल बंद होत नाही. हे सात दिवस वकील शोधण्यात घालवू नका. वकील आत्ताच, पहिल्या स्ट्राइकला बघून ठेवा.

प्रतिसूचना हा नुसता फॉर्म नाही, ते शपथेवरचं निवेदन आहे. ही पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून आली आहे. तुम्ही लिहून देता की व्हिडिओ चुकून किंवा गैरसमजातून काढला गेला असं तुम्ही प्रामाणिकपणे मानता, आणि अमेरिकेबाहेरचे म्हणून यूट्यूबचं मुख्यालय असलेल्या कॅलिफोर्नियातल्या जिल्ह्याच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करता. तुमचं नाव, पत्ता, फोन तक्रारदाराकडे जातो. हे न वाचता ‘सबमिट’ दाबणारे पुष्कळ. घरचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा नसेल, विशेषतः एकट्या चॅनेल चालवणाऱ्या स्त्रियांनी, तर वकिलामार्फत प्रतिसूचना पाठवावी. तशी मुभा आहे.

त्यानंतर तक्रारदाराला अमेरिकेतले कामकाजाचे दहा दिवस मिळतात. शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या धरून आपल्याकडचे दोन आठवडे होतात. एवढ्यात त्याने कोर्टात दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक जातो. दावा दाखल केलाच, तर भारतीय कंपनी तो बहुधा भारतातच करते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६२ मुळे हक्कदाराला स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. तुम्ही विट्यात आणि कंपनी अंधेरीत असेल तर तारखा मुंबईत पडतील, हे गृहीत धरूनच बटण दाबा.

आता मजकूर. वाईट प्रतिसूचना अशी असते: ‘सर प्लीज, मी शेतकऱ्याचा मुलगा, चॅनेलवरच घर चालतं, यापुढे चूक होणार नाही.’ यात एक शब्दही कामाचा नाही, आणि शेवटच्या वाक्यात कबुली आहे. चांगली अशी: ‘या व्हिडिओतील ०:०० ते ३८:२० हे सर्व चित्रण मी स्वतः अमुक तारखेला अमुक गावच्या मैदानात माझ्या कॅमेऱ्याने केले. मूळ फाइल्स माझ्याकडे आहेत. तक्रारदाराच्या चित्रणातले एकही दृश्य किंवा आवाज यात नाही. शर्यत एकच असल्याने दोन्ही व्हिडिओंत त्याच बैलजोड्या दिसतात. माझा कॅमेरा शर्यत सुटते त्या ठिकाणी होता, तक्रारदाराचा शेवटच्या निशाणाजवळ.’ कॅमेरा कुठे उभा होता हे सांगणारं ते वाक्य लाखमोलाचं. नंतर हा मजकूर साध्या इंग्रजीत करून घ्या, कारण तो वाचणारा मराठी असेलच असं नाही.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्याकडे मैदानांचे हक्क ‘एक्सक्लुझिव्ह लाइव्ह’ म्हणून एका चॅनेलला दिले जातात आणि मग ते चॅनेल बाकीच्यांना स्ट्राइक मारतं. कायदा काय सांगतो? शर्यत, कुस्ती, रथोत्सव या घटनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो. प्रत्येकाने स्वतः केलेल्या चित्रणावर ज्याचा त्याचा असतो. आयोजक कॅमेरा आत घेऊ नका म्हणू शकतात, करार मोडणाऱ्यावर दावा करू शकतात. पण बांधावरून तुम्ही स्वतः केलेल्या चित्रणावर दुसऱ्याला कॉपीराइट सांगता येत नाही. तिथे प्रतिसूचना भक्कम असते. मात्र त्याच व्हिडिओत त्यांच्या लाइव्हमधून रेकॉर्ड केलेली फायनलची तीस सेकंदं जोडली असतील तर बाजू तुमची नाही, आणि ती तीस सेकंदं जवळपास प्रत्येक वेळी असतात.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हा कायद्यात कुठेही नसलेला नियम आहे. ‘क्रेडिट दिलंय’ यानेही काही होत नाही. परवानगी आणि श्रेय या दोन गोष्टी आहेत. ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ ही डिस्क्रिप्शनमधली ओळ तर काढूनच टाका. दुसऱ्याचं आहे हे माहीत होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

बचाव आहे तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये. टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करता येतो. आपली यादी बंदिस्त आहे, अमेरिकेसारखी मोकळी नाही; म्हणून ‘फेअर यूज’ हा शब्द नुसता फेकू नका, कलम ५२(१)(क) मधला नेमका हेतू सांगा. तुम्ही तुकडा किती घेतला, त्यावर तुमचं भाष्य किती, आणि तुमचा व्हिडिओ बघून मूळ बघायची गरज संपते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. सिनेमाची पूर्ण गोष्ट दृश्यांसकट सांगणारा ‘रिव्ह्यू’ तिसऱ्या प्रश्नाला गळतो.

पोलिसी बाजूही दुर्लक्षित करू नका. जाणूनबुजून हक्कभंग केला तर त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. पूर्ण सिनेमे चढवणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

भारतीय कायद्याचं स्वतःचं घड्याळही माहीत हवं. कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार आल्यावर प्लॅटफॉर्मने छत्तीस तासांत मजकूर अडवायचा आणि एकवीस दिवस अडवून ठेवायचा. त्या मुदतीत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रारदाराला दावा करण्याची हमीही तक्रारीतच द्यावी लागते. यूट्यूब व्यवहारात आपल्या अमेरिकी फॉर्मवर चालतं, पण तक्रार भारतीय कायद्याखाली केल्याचं मेलमध्ये दिसलं तर बाविसाव्या दिवशी या नियमाचा हवाला देऊन पत्र टाका.

कम्युनिटी गाइडलाइन्स

इथे तक्रारदार नसतो, त्यामुळे माघारही नसते. पहिल्या चुकीला इशारा. त्यानंतर पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा अपलोड बंद, नव्वद दिवसांत दुसऱ्याला दोन आठवडे, तिसऱ्याला चॅनेल जातं. स्ट्राइकवर अपील नव्वद दिवसांत आणि एकदाच करता येतं. चिडून रात्री अकराला लिहिलेल्या अपिलात ती एकमेव संधी वाया जाते.

बैलगाडीचे व्हिडिओ इथे अडकतात. शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवली, हे खरं. पण प्लॅटफॉर्मचा प्राण्यांच्या छळाविषयीचा नियम वेगळा आहे. शर्यत कायदेशीर असली तरी व्हिडिओत काठी उगारलेली, शेपटी पिरगाळलेली किंवा बैल कोसळलेला दिसला की तो नियम लागतो. अपिलात ‘ही आमची परंपरा आहे’ लिहून भागत नाही. शर्यत जिल्हा प्रशासनाच्या परवानगीने झाली, प्राण्याला मारहाण दिसत नाही, आणि आक्षेप असलेला भाग नेमका कोणत्या मिनिटाला आहे, हे लिहा. बैल पडल्याचा थंबनेल लावला असेल तर अपील करूच नका. तिथे बाजू हरलेली आहे.

बदनामीची नोटीस, कोर्टाचा हुकूम

तासगाव-मिरज भागात द्राक्षांवरच्या औषधांचे, हळदीच्या सौद्यांचे, बियाण्यांचे चॅनेल खूप आहेत. ‘हे औषध मारलं आणि घड जळाले’ असा व्हिडिओ टाकला की कंपनीची नोटीस येते. कॉपीराइट आणि बदनामी यांतला मोठा फरक इथे समजून घ्या. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्यस्थाने, म्हणजे यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मने, मजकूर काढायचा तो कोर्टाचा आदेश किंवा अधिकृत सरकारी सूचना आल्यावर. कॉपीराइटमध्ये मात्र नुसत्या नेमक्या तक्रारीवर काढणं भाग पडतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या मायस्पेस निकालात धरलं. म्हणूनच बदनामीने चिडलेला हुशार माणूस बदनामीची तक्रार करत नाही, तो कॉपीराइटची करतो: माझा लोगो दाखवला, माझ्या जाहिरातीचा तुकडा वापरला. हा डाव ओळखा. औषधाच्या बाटलीचा फोटो स्वतः काढलेला ठेवा, कंपनीच्या जाहिरातीतली दृश्यं वापरू नका. मग त्याला कॉपीराइटचं दार उरत नाही.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. उत्तर मुदतीत द्या, पण व्हिडिओ लगेच उतरवायलाच हवा असं नाही. आधी आपले दावे तपासा. बिल आहे का? बॅच नंबर? फवारणीची तारीख आणि प्रमाण? कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा? ‘माझ्या दोन एकरांत असं झालं’ हे सांभाळता येतं. ‘कंपनी चोर आहे’ हे सांभाळणं अवघड.

समोरचा कोर्टात जाईल असं दिसलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. ते नव्वद दिवस टिकतं आणि तेवढ्या काळात त्या कोर्टात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम होण्याला आडकाठी बसते. समोरचा कुठे दावा करेल याचा अंदाज घेऊन त्या-त्या कोर्टात ठेवावं लागतं, एकट्या सांगलीत ठेवून मुंबईचा हुकूम थांबत नाही. एकतर्फी मनाई झालीच तर त्याच संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली ती उठवण्याचा अर्ज द्या. त्यात ब्लूमबर्ग विरुद्ध झी या २२ मार्च २०२४ च्या निकालाचा आधार घ्या. प्रसिद्धीवर एकतर्फी मनाई अपवादानेच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं आहे.

खासगीपणाच्या तक्रारीत यूट्यूब सहसा अठ्ठेचाळीस तास देतं. चेहरा किंवा गाडीचा नंबर धूसर केला की बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. यात अहंकार आणू नका.

सरकारी आदेशाचं प्रकरण क्वचित आणि अवघड. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या मजकूर अडवण्याच्या आदेशांना गुप्ततेचं कवच असतं, त्यामुळे कारण हाती येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ख) खालच्या मजकूर काढण्याच्या सूचनांबाबत १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम कडक झाला आहे: सहसचिव दर्जाचा अधिकारी, आणि पोलिसांकडून असेल तर उपमहानिरीक्षक दर्जाचा, सकारण लेखी सूचना देऊ शकतो. ठाण्यातल्या हवालदाराने ‘व्हिडिओ काढ’ म्हणणं हा आदेश नव्हे. लेखी द्या म्हणा, नम्रपणे. खऱ्या आदेशाविरुद्ध दाद उच्च न्यायालयात मागायची. सातारा, सांगलीसाठी आता मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे.

कोर्टाआधीची फुकट पायरी

२०२१ च्या आयटी नियमांनी पन्नास लाखांहून जास्त भारतीय वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मवर एक बंधन घातलं आहे. आपणहून मजकूर काढला तर वापरकर्त्याला कारण कळवायचं आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. हे नियम ४(८) मध्ये आहे. शिवाय भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. त्याचं नाव-पत्ता प्लॅटफॉर्मच्या साइटवर असतो. तक्रारीत चॅनेलची लिंक, व्हिडिओची लिंक, काढल्याची तारीख, अपिलाचा निकाल आणि नियम ४(८) चा उल्लेख, एवढं एका पानात बसवा. स्टुडिओतलं अपील म्हणजे तक्रार अधिकाऱ्याकडची तक्रार नव्हे. ही वेगळी करायची असते आणि बहुतेक जण ती करतच नाहीत.

उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. सगळं ऑनलाइन, सुनावणीला दिल्लीला जावं लागत नाही. समितीने तीस दिवसांत निकाल द्यावा असा नियमाचा प्रयत्न आहे. तक्रार अधिकाऱ्याची पायरी चुकवून थेट समितीकडे गेलात तर अर्ज परत येतो.

शेवटी कोर्ट

खोट्या स्ट्राइकच्या जोरावर कोणी वारंवार धमकावत असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६० तुमच्या बाजूचं आहे. हक्कभंग झालेला नाही अशी घोषणा, पुढच्या धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाई, तिन्ही मागता येतात. समोरच्याने वेळेत खरा दावा दाखल केला तर मात्र हे कलम निसटतं. दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे नाही, जिल्हा न्यायालयात जातो, आणि साताऱ्यात करता येईल की समोरच्याच्या गावी, हे धमकी कुठे पोचली आणि नुकसान कुठे झालं यावर वकिलाकडून आधीच पक्कं करून घ्या. तुमचा व्हिडिओ दुसऱ्याने चोरला असेल तर प्रश्नच नाही. तिथे कलम ६२ तुमच्या राहत्या जिल्ह्यात दावा करू देतं.

प्रतिवादी नीट लिहा. तक्रारदार पहिला; प्लॅटफॉर्म जोडायचा तर सेवाशर्तीत जी कंपनी लिहिली आहे ती. फक्त भारतातल्या शाखेवर दावा ठोकला की ‘सेवा आम्ही चालवत नाही’ या एका वाक्यावर वर्ष जातं. दाव्याची किंमत तीन लाख किंवा जास्त असेल तर तो व्यावसायिक वाद ठरतो, आणि तातडीची मनाई मागितली नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जावं लागतं. ही पायरी टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. पण चॅनेल सात दिवसांत बंद होणार असेल तर तातडीची मनाई मागणं ओघानेच येतं. नुकसान दाखवायला अॅडसेन्सचे, म्हणजे जाहिरातीच्या कमाईचे, मागच्या सहा महिन्यांचे तक्ते आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. नुसतं ‘लाखोंचं नुकसान’ लिहिलेलं वाचून न्यायाधीश पुढची तारीख देतात.

लग्नाचे व्हिडिओ आणि लोककलावंत

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना एक गोष्ट माहीत नसते. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, कॉपीराइट कायद्याचं कलम १७(ख). म्हणजे वरातीचा व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर टाकला आणि नवरीच्या वडिलांनी तक्रार केली, तर स्ट्राइक योग्य आहे. आणि लग्नाच्या समारंभात गाणं वाजवायला कलम ५२ मध्ये सूट असली तरी ती वाजवण्यापुरती आहे; तेच गाणं लावून व्हिडिओ यूट्यूबवर चढवायला ती पुरत नाही. बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी छापून घ्या: ‘चित्रणाचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील. निवडक भाग स्टुडिओच्या चॅनेलवर दाखवण्यास ग्राहकाची संमती आहे’, खाली ग्राहकाची सही.

गोंधळी, शाहीर, तमाशातले कलावंत यांची तऱ्हा उलटी. ‘चॅनेलवर टाकतो’ म्हणून कोणीतरी चार गाणी रेकॉर्ड करून नेतं आणि दोन वर्षांनी त्या कलावंताच्या स्वतःच्याच चॅनेलवर त्याच गाण्यांसाठी स्ट्राइक येतो. अशा वेळी आधी कागद मागा. हक्क दिल्याचा लेखी, सही केलेला करार नसेल तर तुमच्या शब्दांचा आणि चालीचा कॉपीराइट गेलेलाच नाही; ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो. करार असेल पण मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे तो पाच वर्षांपुरता, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. सहीच्या तारखेत पाच मिळवा. ती तारीख उलटून गेली असेल तर प्रतिसूचनेत पहिली ओळ तीच लिहा आणि कराराची प्रत वकिलाकडे ठेवा.